वारा उलटा होता

त्या दिवशी वारा उलटा होता, म्हणून मला ऐकू आलं नाही – हे माझं वाक्य आहे. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. ऑफिसात सांगितलंय, घरी सांगितलंय, दवाखान्यात डॉक्टरांनी सहज विचारलं तेव्हा त्यांनाही सांगितलंय. नवऱ्यानं तर ते इतक्यांदा ऐकलंय की आता तोच माझ्या वतीनं लोकांना सांगतो. या वाक्याच्या पलीकडे काय आहे, ते मात्र माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलेलं नाही. कुणापाशीच नाही. तुम्ही पहिले. आता का सांगतेय? मोठं मन झालंय म्हणून नाही. परवा नावड्याला एका हळदीला गेले होते, तिथे एक प्रकार झाला, आणि तेव्हापासून हे वाक्य मला गिळता येईना.

आधी आम्ही कोण ते सांगते. तुर्भ्याच्या एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे, राहायला नेरूळला. माझ्याच कंपनीत छाया डिस्पॅचला होती, दिलीप परचेसला. दिलीपची बायको अंजू शाळेत शिकवते. आम्हा चौघांना चाळिशीनंतर डोंगरांचं वेड लागलं. सुरुवात खारघरच्या टेकडीपासून, मग पनवेलच्या पलीकडे, मग कर्जतच्या बाजूला. गर्दीचे किल्ले आम्हाला नकोच असत. जिथे पाट्या नाहीत, दगडावर रंगाचे बाण नाहीत, खाऊच्या टपऱ्या नाहीत, असे आडबाजूचे डोंगर शोधायचे आणि सकाळी चढून संध्याकाळी उतरायचं. ते शोधायचं काम माझं. नकाशे बघायचे, खालच्या वाड्यांमधून विचारपूस करायची, आणि पुढे चालायचं. दिलीप मला ‘वाटाड्या मॅडम’ म्हणायचा.

चेष्टेनंच म्हणायचा. पण मला ते नाव फार आवडायचं – हे आता कबूल करायला हरकत नाही. घरात माझ्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नाही. ऑफिसात मी कुणीतरी मंजूर केलेली बिलं दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवते. फक्त डोंगरावर मी पुढे असायचे आणि तीन माणसं माझ्या मागून यायची. मी थांबले की थांबायची. मी म्हणेन त्या बाजूला वळायची. आयुष्यभर जी बाई कुणाच्या ना कुणाच्या मागे उभी राहिली, तिला हे काय वाटत असेल? असो. हे कारण म्हणून सांगत नाहीये.

छाया नावड्याची. माहेर आणि सासर दोन्ही त्याच गावात, मध्ये दोन गल्ल्या. आगरी घर, मोठा गोतावळा, कुणाच्या ना कुणाच्या हळदीचं बोलावणं कायम आलेलं. आणि हळद म्हटली की छाया नाचणार. तिच्या गावात म्हणे नवरीआधी लोक ‘छाया आली का’ हे विचारायचे. मी एकदा पाहिलंय तिला नाचताना. बेंजोवाले दमले, ही नाही दमली. ऑफिसात अगदी नीटस मराठी बोलायची, पण हसू आवरेनासं झालं किंवा कुठे लागलं-खुपलं, की तिची गावची बोली बाहेर पडायची.

आता कुकाऱ्याचं सांगायलाच हवं. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, आणि शब्द दरीत गेले की त्यांचा चुरा होतो. म्हणून रानातली माणसं कुकारा घालतात. दोन्ही हात तोंडाशी धरून काढलेली लांब, उंच ‘कूऽऽ’. मी तो एका वाडीत शिकले आणि आमच्या ग्रुपचा नियमच करून टाकला. वाट सापडली, की कुकारा. कुकारा ऐकला, की उलट कुकारा, आणि आहे तिथे थांबायचं. दोन-तीनदा देऊनही ओ आली नाही, तर समजायचं की समोरचं माणूस पडलंय किंवा अडकलंय – आणि तडक त्याच्याकडे निघायचं. विचार करत बसायचं नाही. हे मी इतकं ठासून सांगितलं होतं की छायानं डिस्पॅचच्या गोडाउनमध्ये सराव म्हणून कुकारा घातला, आणि वॉचमन दंडुका घेऊन धावत आला. आम्ही आठवडाभर हसत होतो. नियम माझा होता – हे लक्षात ठेवा.

त्या डोंगराला नकाशावर नाव नाही. खालच्या वाडीतले त्याला नुसतं ‘वरचा माळ’ म्हणतात. पावसाळा सरला होता, गवत वाळून पिवळं झालं होतं, कारवी वठली होती. पहाटे निघालो. दिलीपनं वाशी मार्केटमधून आणलेल्या संत्र्यांची पिशवी अख्ख्या गाडीत दरवळत होती. बेत असा होता – एका सोंडेवरून चढायचं, माळ ओलांडायचा, आणि पलीकडच्या बाजूनं वाडीत उतरायचं. ती उतरायची वाट मला माहीत आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ‘आलेय मी तिथून.’

आले होते का? आले होते – फार पूर्वी, खालून वर, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मागून, पायांकडे बघत. याला कुणी वाट माहीत असणं म्हणत नाही. मला हे चढतानाच कळत होतं. पण सकाळची वेळ, मागून तिघांच्या गप्पा, आणि ‘मॅडम, आता किती?’ म्हणत दिलीप मला विचारतोय... मी काहीतरी ठोकून द्यायचे आणि ते खरं मानलं जायचं.

माळावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माळाच्या टोकाला एका खळग्यात जांभळीचं झाड होतं, आणि तिथून दोन वाटा फुटत होत्या. एक उजवीकडे कड्याच्या काठानं, चांगली मळलेली. दुसरी डावीकडे, कारवीत शिरणारी, अंगचोर. मी म्हटलं, उजवीकडे. छाया म्हणाली, “थांब ना. ही गुरांची वाटते मला. शेण बघ किती आहे. ढोरं पाण्यापर्यंत जातात आणि माघारी फिरतात. खाली कुठे उतरतात?” तशी तीही काही डोंगरातली नव्हे. त्याआधीच्या महिन्यात तिच्याच सांगण्यावरून आम्ही एका काटेरी रानात घुसलो होतो आणि दिलीपची पॅन्ट फाटली होती. मी तेच काढायला हवं होतं, सगळे हसले असते. पण मी म्हटलं, “छाया, तुमच्या नावड्याला डोंगर कधी आला गं? खाडीच्या चिखलात शिकलीस का वाटा?”

कुणी हसलं नाही. अंजूनं संत्रं सोलता सोलता खाली पाहिलं. छायाच उलट हसली आणि म्हणाली, “बरं बाई. तू उजवीकडे बघून ये, मी डावीकडे बघते. जिला सापडेल तिनं कुकारा द्यायचा.”

दिलीप म्हणाला, “बेस्ट! आम्ही दोघं इथे पडतो. काय टेन्शन नाही.” आणि बूट काढून तो खरंच आडवा झाला.

उजवीकडची वाट थोडं अंतर छान गेली. मग एक डबकं लागलं, चिखल, खुरांचे ठसे – आणि वाट संपली. पुढे कडा. सरळ खाली गेलेला. मी काठावर उभी राहिले. खाली डाव्या हाताला एक नाळ दिसत होती, म्हणजे दोन सोंडांमधली ती उतरती घळ, आणि तिच्या तळाकडे वाडीची कौलं. म्हणजे उतरायचं तिथूनच होतं. छायाच्या बाजूनं. ढोरं पाण्यापर्यंतच येतात, हेही बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं तिचं.

काठावरचं गवत माझ्या गुडघ्यांवर झुकलेलं होतं. हे मला आज डोळ्यांपुढे दिसतंय – वाळकं, लांब गवत, नाळेतून वर येणाऱ्या वाऱ्यानं माझ्याच दिशेला वाकलेलं. आणि त्या वाऱ्याबरोबर, खालून, तिचा कुकारा आला.

स्वच्छ आला. गोडाउनमधला तोच तिचा सूर, शेवटी किंचित वर चढणारा. सापडली म्हणत होती.

माझे दोन्ही हात तोंडाशी गेले. सवयीनं गेले. आणि मग – मी ते खाली घेतले.

इथे मी कितीदा येऊन थांबलेय, तुम्हाला सांगते. झोप लागत नाही तेव्हा, भाजी निवडताना, ऑफिसात कुणी बोलत असताना. त्या क्षणी मनात काय होतं? वाईट व्हावं असं नव्हतं, पण हे मी माझ्या बाजूनं बोलतेय का? असेल. जे होतं ते असं होतं – एवढ्यात नको. आणखी थोडं बघू, काठानं पुढे जाऊ, एखादी उतरायची जागा मलाही सापडेल, मग मी कुकारा देईन. माझा. नाहीतर आता परत जायचं, खळग्यात त्या तिघांसमोर उभं राहायचं, आणि वाडीपर्यंत छायाच्या मागून चालायचं. नुकतंच तिला मी खाडीच्या चिखलावरून बोलले होते. पडलो तरी नाक वर म्हणतात ना, मी तर अजून पडलेही नव्हते.

मी काठानं पुढे गेले. दुसरा कुकारा आला. आधीपेक्षा लांब. मी दगडामागे वाकून खाली बघत होते, पाय ठेवायला जागा शोधत होते. जागा नव्हती. ऐकून न ऐकल्यासारखं करायला दुसऱ्यांदा तितकं जड गेलं नाही.

मग तिसरा. तो कुकारा नव्हताच धड. सूर मध्येच तुटला आणि त्यातून माझं नाव आलं – “विद्याऽऽ!” आता ती सापडली म्हणत नव्हती. आता ती घाबरली होती. माझ्यासाठी. आणि नियम माझाच होता, त्यामुळे ती यापुढे काय करणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा तरी ओ द्यायची ना! पण आता दिली तर पहिल्या दोनांना का नाही दिली, हे सांगावं लागणार होतं. म्हणून मी गप्प बसले. अभिमान पहिल्या कुकाऱ्यालाच होता. तिसऱ्याला नुसता भ्याडपणा.

खळग्यातल्या दोघांना यातलं काही ऐकू गेलं नाही. ते उंचवट्याच्या आड होते. ऐकणारी एकटी मी.

ती आली. मळलेल्या वाटेनं वळसा घालून नाही, सरळ आली. नाळेतून कड्याच्या दिशेनं, सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावरून, कारण मी कुठेतरी पडलेय आणि वेळ नाही, असं तिला वाटलं होतं. मी आधी दगड घरंगळल्याचा आवाज ऐकला. छोटे दगड. मग मोठा. मग तिची किंचाळी.

त्या हाकेला मी लगेच ओ दिली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. खळग्याकडे धावत जाऊन दिलीप-अंजूला आणलं. काठावरून खाली जायला जागा नव्हती, म्हणून आम्ही तिनं शोधलेल्या वाटेनं, कारवीतून, तिच्यापर्यंत गेलो. ती वाट इतकी सोपी होती. छायाचा उजवा पाय गुडघ्यातून भलत्याच बाजूला वळला होता. अंजू वाडीत धावली, तिथली माणसं बांबू आणि गोधडी घेऊन आली, झोळी केली. संध्याकाळपर्यंत तिला उतरवत होते. प्रत्येक हिसक्याला ती ओरडायची, आणि मी शेजारून तिचा हात धरून चालत होते.

तिनं मला काही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं का? मला वाटायचं, हो. पण तिनं विचारलंच नाही. कण्हत कण्हत, माझा हात दाबून, तीच म्हणाली, “मना वाटला तू पडलीस गो... मी कवरे कुकारे दिलं. तुला आयकू आलं नसंल. वारा उलटा व्हता ना?”

ते वाक्य माझं नाहीच मुळी. तिनं मला दिलं. मी फक्त ‘हो’ म्हटलं.

पनवेलला ऑपरेशन झालं, मग पुन्हा एक झालं. गुडघ्यात धातूची पट्टी आहे. पाय एका मर्यादेपर्यंत वाकतो, त्यापुढे नाही. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, जिना एकेक पायरी जोडून उतरावा लागतो. डिस्पॅचला दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा तिनं नोकरी सोडली. दर आठवड्याला व्यायामाला मी तिला घेऊन जायचे. तिची सासू मला जवळा नि सुकट बांधून द्यायची, म्हणायची, रक्ताची नाय पन बहीनच हाय तू. मी घरी आणायचे. परतून भाकरीशी खायचे. घास अडकायला हवा होता, अडकला नाही.

आणि ग्रुपमध्ये मी काय केलं, ते ऐका. स्वतः जाऊन सगळ्यांसाठी शिट्ट्या आणल्या. नव्यानं कुणी आलं की मी त्यांना समोर बसवून समजावायचे – कुकाऱ्यावर विसंबू नका, वारा उलटा असला तर माणूस किती जवळ असलं तरी ऐकू येत नाही, आमच्या छायाचं काय झालं बघा. लोक माना डोलवायचे. दिलीप म्हणायचा, वाटाड्या मॅडम अनुभवातून शिकतात. जे घडलंच नव्हतं त्यावर मी उपाय वाटत फिरत होते. आज त्या शिट्ट्या कितीजणांच्या गळ्यात असतील कोण जाणे.

तर परवाची हळद. छायाच्या मुलीची, प्राचीची. नावड्याच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणीनं गाऊन घेतलं, नवरीला हळद लागली, आणि मग बेंजो सुरू झाला. असा की पोटातलं पाणी हलावं. बायका उतरल्या नाचायला. छाया प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. हिरवं लुगडं, गजरे, हळदीनं माखलेले गाल, आणि उजवा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवलेला. येणारी प्रत्येक बाई तिच्यासमोर येऊन दोन ठेके घ्यायची आणि तिच्या गालाला हात लावून पुढे जायची. ती खुर्चीत बसून खांदे हलवत होती. डावी टाच जमिनीवर ताल धरत होती. उजवी स्टुलावर गप्प.

मी तिच्यासाठी पाणी आणायला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले. मध्ये सगळी गर्दी, बेंजो, स्पीकर, पोरांच्या आरोळ्या. आणि त्या सगळ्यातून – कूऽऽ.

शेवटी किंचित वर चढणारा सूर. मी गर्रकन वळले. हातातला ग्लास हिंदकळला, आणि विचार करायच्या आत मी उलट कुकारा दिला. अख्खा मांडव बघायला लागला. समोर छाया हात तोंडाशी तसेच धरून हसत होती. गंमत म्हणून घातला होता तिनं.

मी जवळ पोचेपर्यंत ती आसपासच्या बायकांना सांगत होती, डोळ्यांतलं पाणी पुसत, हसता हसता, “बगा गो! येवऱ्या बेंजोत आयकला हिनं! आनि त्या डोंगरावर...” तिथे ती थांबली. हसू चेहऱ्यावर होतं अजून, पण पुढचं वाक्य येत नव्हतं. बायका वाट बघत होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. बेंजो चालूच होता. तिला काही कळलं का? मी ठामपणे ‘नाही’ही म्हणू शकत नाही, ‘हो’ही म्हणू शकत नाही. एवढं खरं की तिनं ग्लास घेतला नाही, माझं मनगट धरलं, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात खरा प्रश्न होता –

“वारा उलटा व्हता. ना गो?”

बोलायला यापेक्षा चांगली वेळ कुठली? तिनंच दार उघडून धरलं होतं. यावेळी समोर कडा नव्हता, लाज वाटावी असं दिलीपचं हसू नव्हतं, पुढे चालायचा मान नव्हता. घाबरावं असं काहीच नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “उलटा होता.”

तिनं मान हलवली. मनगट सोडलं, पाणी प्यायली, आणि ग्लास माझ्या हातात परत दिला.